कशाला पाहिजे फोन? : सेलू तालुक्यातल्या एका घरातली खरेदी

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पिन, एवढंच काम. नवे फोन मी विकत नाही. तरी आई-बाप काउंटरवर येतात आणि विचारतात, "भाऊ, लेकराला फोन घ्यायचाय, आठ-दहा हजारांत चांगला कोणता?" बरीच वर्षं मी याचं उत्तर एका वाक्यात देत आलो. आता तसं देत नाही. त्याचं कारण माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घडलेलं हे प्रकरण आहे. दोन वर्षांच्या अंतराने त्या घरात दोन फोन आले, आधी भाच्याला, मग भाचीला. दोन्ही वेळा मी त्यात होतो आणि पहिल्या वेळी माझंही चुकलं. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं तेवढी ठेवलेली नाहीत.

पहिला फोन

अक्काचं घर सेलूपासून दहा-अकरा किलोमीटरवर, दुधना नदीच्या अंगाला. साडेतीन एकर रान, निम्मं सोयाबीन, निम्मं कापूस. दाजी शेती करतात आणि मधल्या काळात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजाने जातात.

२०२३ च्या दिवाळीत भाचा बारावीला होता. क्लाससाठी फोन पाहिजे म्हणाला आणि दाजी त्याला घेऊन दुकानात गेले. तिथून मला फोन केला. मी हातातलं काम न सोडता "कंपनी चांगली आहे, घ्या" म्हणालो. माझी चूक ती इथे. डब्यावर मोठ्या अक्षरात ६ जीबी रॅम लिहिलेलं होतं. खरी रॅम, म्हणजे ॲप चालवायला लागणारी फोनची तात्पुरती जागा, ३ जीबी. उरलेली ३ म्हणजे फोनच्याच साठवणीतून उसनी घेतलेली ‘व्हर्च्युअल रॅम’. ती खऱ्या रॅमच्या कितीतरी हळू चालते आणि मुळात कमी असलेली जागा आणखी कमी करते. साठवण ३२ जीबी, त्यातली जवळजवळ निम्मी फोनच्या स्वतःच्या यंत्रणेनेच खाल्लेली.

फोन ९,९९९ चा. दोन हजार रोख, उरलेले हजार-हजाराचे आठ हप्ते. ‘झिरो टक्के व्याज’ होतं, पण फाइल चार्ज ५९० वेगळा. डिसेंबरपासूनचे चार हप्ते सोयाबीन-कापसाच्या पैशात निघाले. एप्रिल, मे, जूनचे तिन्ही बाउन्स झाले. एका बाउन्सला फायनान्सवाल्यांचे ५९० आणि बँकेचे २९५, म्हणजे ८८५. तीन वेळचे २,६५५. सगळं धरून तो फोन तेरा हजारांच्या वर गेला. तेवढ्या रोख पैशात त्या वेळी ६ जीबी खरी रॅम आणि १२८ जीबीचा फोन आरामात आला असता.

यात दाजींची चूक काढायला माझं मन धजत नाही. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला येतो, शेतकऱ्याच्या घरात पैसा माल मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, गेला की येतो. चैत्र-वैशाखात ज्याच्या घरात नवा रुपया येत नाही त्याला दरमहा हजार भरायला लावणं म्हणजे बाउन्स ठरलेलाच.

वर्षभरात फोन ‘जागा शिल्लक नाही’ म्हणायला लागला. मग पडला, १,४०० चं डिस्प्ले-टचचं कॉम्बो मी माझ्या खिशातून टाकलं. भाचा पुढे चाकणला कंपनीत लागला, पहिल्या पगारात त्याने स्वतःला दुसरा फोन घेतला आणि हा घरच्या कोनाड्यात येऊन पडला. एक गोष्ट मला फार उशिरा जाणवली. फोन कशासाठी पाहिजे, हे त्या पोराला कुणीच विचारलं नव्हतं. दाजींनी नाही, अक्काने नाही, मी नाही.

पेरणीच्या दिवसांत

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. भाचीला ८४ टक्के. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. नोंदणी दाजींच्या नंबरवर. ओटीपी यायचा तेव्हा दाजी रानात आणि पोरगी सेलूच्या नेट कॅफेत. दोनदा तिला नुसतं परत यावं लागलं. शेवटी सेलूतच विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला. एसटीचा पास मुलींना फुकट, त्यामुळे जाण्या-येण्याचा खर्च नव्हता. पहिल्याच आठवड्यात ती दुकानावर आली. म्हणाली, "मामा, सगळं ग्रुपवर येतंय. प्रॅक्टिकलची वेळ बदलली तरी मला दुसऱ्या दिवशी कळतंय."

त्या रविवारी मी गावी गेलो. ओसरीवर दाजी, त्यांचे थोरले भाऊ, अक्का. विषय काढला तसे थोरले म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला पायजे फोन?" भाची आतल्या उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही. हात थांबले तेवढे. मग हळूच म्हणाली, "दादाला कुणी इचारलं होतं का, कशाला म्हणून?"

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. मला तर तिच्याकडे बघवेना.

थोरल्यांचा प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. तो विचारायलाच हवा. पण तिच्याकडे तो संशय म्हणून आला आणि भाच्याच्या वेळी तर कुणाला सुचलाच नाही. मी म्हणालो, "प्रश्न बरोबर आहे, भाऊ. उत्तर तिलाच लिहू द्या."

पैशाचं मात्र अवघड होतं. पेरणीचे दिवस होते. डीएपी खताची गोणीच १,३५० ला, वर बियाणं, वर पेरणीची मजुरी. दाजी पुन्हा हप्त्यावर घ्यायला तयार झाले, मी हात जोडून नको म्हणालो. कोनाड्यातला फोन दुकानात आणला. आधी पोराकडून त्याचं जुनं गूगल खातं काढून घेतलं, नाहीतर रीसेट केल्यावर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागत अडून बसतो. ६५० ची नवी बॅटरी टाकली. सिम दाजींच्या नावावर, कारण अठराच्या आतल्याला सिम मिळत नाही. आणि भाचीला सांगितलं, "सोयाबीन निघेपर्यंत हा वापर. कशाकशाला लागतो ते लिहीत जा. कुठे अडतो तेही लिही."

कागद

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती लाँगबुकातलं पान फाडून घेऊन आली. काउंटरवर भिंगाच्या दिव्याखाली, उघड्या पडलेल्या एका फोनच्या बाजूला तिने ते पसरलं. निळ्या पेनाने दोन रकाने होते: ‘लागतो’ आणि ‘अडतो’.

‘लागतो’मध्ये सगळ्यात वर कॉलेजचा ग्रुप: नोट्सचे फोटो आणि पीडीएफ. त्याखाली बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं, जी दोन्ही सरकारी संकेतस्थळांवरून फुकट उतरवता येतात. मग तासाचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, रोज साधारण एक ते दीड तास. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी. गाडी चुकली तर घरी फोन. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: ‘रील – रात्री. आजीचे फोटो.’ हे तिने लिहिलं याचं मला फार बरं वाटलं. रील लपवून ठेवली असती तर त्या कागदाला अर्थ राहिला नसता.

‘अडतो’मध्ये ‘जागा’ चार वेळा होतं. एके दिवशी ग्रुपवर नोट्स येईनात म्हणून तिने आजीचे फोटो पुसले होते. ‘पीडीएफ उघडली की ग्रुप बंद पडतो’ म्हणजे रॅम. ‘घरात व्हिडिओ थांबत थांबत’ म्हणजे नेटवर्क. कॅमेऱ्याबद्दल पूर्ण पानावर अवाक्षर नव्हतं. दुकानदार पहिल्यांदा दाखवतो तो कॅमेरा, आणि या पोरीला फळ्याचा फोटो वाचता आला की पुरे होतं.

त्या पानाने माझं निम्मं काम केलं. साठवण १२८ जीबी, यात तडजोड नाही. रॅम खरी ४ जीबी किंवा जास्त. आणि तिसरी अट मी घातली: अपडेट. फोनमध्ये ओटीपी येणार, मुलीचे फोटो राहणार, तर सुरक्षेचे अपडेट बंद पडलेला फोन तिच्या हातात द्यायचा नाही. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फोनांत ती मी हल्ली मुद्दाम बघतो, आणि स्वस्त फोनांत ती कित्येकदा दोन-तीन वर्षं जुनी असते.

पाणी

मधल्या काळात सप्टेंबर होऊन गेला. २०२५ चा तो पाऊस मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. अक्काच्या खालच्या पट्टीत पाणी उभं राहिलं. एरवी पंधरा-सोळा क्विंटल होणारं सोयाबीन सात क्विंटल निघालं आणि तेही डागी. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८. दाजींच्या मालाला मोंढ्यावर ३,४०० लागला. पेरणीच्या वेळी दाजी म्हणाले होते, सोयाबीन निघू द्या, बारा हजारांचा घेऊ. आता ते म्हणाले, "आठ-साडेआठच्या वर हात जाणार नाही." आणि मग, जरा थांबून, "पण घ्यायचा. तिला बोललोय."

त्यांनी आशेने आणखी एक विचारलं. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाल्याच्या जाहिराती सगळीकडे होत्या, तर फोनही उतरला असेल ना? नव्हता. मोठ्या टीव्हींवरचा आणि एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला; मोबाइलवर तो २०२० पासून १८ आहे आणि तिथेच राहिला. दिवाळीच्या सेलमध्ये जे काही कमी झालं, ते कंपन्या आणि बँकांच्या सवलतीमुळे.

काय काय समोर होतं

जुन्या फोनवरच निभावणं सोडून दिलं, ३२ जीबीला इलाज नव्हता. मेमरी कार्डात फोटो जातात, पण ॲप आणि त्यांचा पसारा बहुतेक आतच राहतो.

सेकंडहँड मला मनापासून हवा होता. माझ्या हाताखालून रोज जातात, आणि तेवढ्याच पैशात दोन वर्षं जुना पण वरच्या वर्गातला फोन येतो. त्याच आठवड्यात एक जण ६,५०० ला फोन घेऊन आला: ६ जीबी रॅम, १२८ साठवण, काच अगदी कोरी. बिल नव्हतं. "दोस्ताचाय" म्हणाला. मी *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख-नंबर, काढला, मेसेजमध्ये केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर टाकला आणि १४४२२ वर पाठवला. दूरसंचार खात्याची ही सोय संचार साथीच्या संकेतस्थळावर आणि ॲपवरही आहे. उत्तरात दुसऱ्याच मॉडेलचं नाव आलं. म्हणजे आयएमईआय बदललेला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. फोन त्याला परत दिला. पोरीच्या हातात तो गेला असता आणि उद्या पोलीस घरी आले असते तर? त्या घराला तेवढं निस्तरायची ताकद नाही. ओळखीच्या माणसाचा, बिलासकट, असा सेकंडहँड मिळाला असता तर मी आजही तोच घेतला असता. दिवाळीपर्यंत मिळाला नाही.

तिसरं म्हणजे नवा पण ४जी, सात हजारांच्या आत. त्या भावात जे दिसले त्यांत ६४ जीबी साठवण आणि अपडेटचं आश्वासन एक-दोन वर्षांचं. आणि चौथा, नवा ५जी, साडेआठ-नऊच्या घरात.

५जी पाहिजे की नको, हे मी गावात जाऊन ठरवलं. माझा फोन हातात धरून अक्काच्या घरात फिरलो. गोठ्यापाशी काहीच नाही, चुलीजवळ ४जीची एक कांडी, माळवदावर पाण्याच्या टाकीशी ५जीच्या दोन. गावाजवळच्या टॉवरवर ५जी फक्त जिओचं. जिओचं ५जी ‘स्टँडअलोन’, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या, पद्धतीचं आहे आणि त्यांच्याकडे ७०० मेगाहर्ट्झची लहरपट्टी आहे. ती लांब जाते, भिंतीतूनही आत येते. खेड्यात हा फरक मोठा. एअरटेलने ५जीची सुरुवात दुसऱ्या, ४जीच्या आधाराने चालणाऱ्या पद्धतीने केली. २०२४ च्या अखेरीस आलेला रेडमी ए४ ५जी फक्त स्टँडअलोनवर चालतो, असं कंपनीनेच सांगितलं आहे. म्हणजे ज्याच्या गावात एअरटेलच आहे त्याने तो ५जी म्हणून घेण्यात अर्थ नव्हता. डब्यावर ५जी लिहिलंय, एवढ्यावर कुणी जाऊ नये. आपल्या सिमच्या कंपनीशी ते जुळतं का आणि कोणत्या लहरपट्ट्या दिल्यात ते आधी बघावं. ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे यादीतला ‘एन२८’.

शेवटी अपडेटने निकाल लावला. सॅमसंगने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणलेल्या एम०६ ५जी आणि एफ०६ ५जी या स्वस्त फोनना चार वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत. भाचीची बारावी आणि त्यापुढची दोन वर्षं त्यात बसतात. त्यातला एक, ४ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणीचा, दिवाळीच्या आधी मी ऑनलाइन मागवला. पडला ८,७९९ ला. साडेआठच्या वरचे तीनशे भाचीने राखीच्या ओवाळणीतून काढले. मी नको म्हणत होतो, तिने ऐकलं नाही.

डब्यात चार्जर नव्हता. इथे लोक दीडशेचा चार्जर घेतात आणि मग चार्जिंगचा आयसी, म्हणजे आतली चिप, जाळून माझ्याकडे येतात. आठवड्याला एक तरी असतो. बीआयएसची, म्हणजे सरकारी मानकाची, खूण असलेला चार्जर ६५० ला घेतला. काच आणि कव्हर मी माझ्याकडचं लावलं.

दाजींना सगळ्यात जास्त हलवलं ते रिचार्जच्या हिशेबाने. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज तेव्हा २९९ चा होता. वर्षात २८ दिवसांचे महिने बारा नव्हे, तेरा. म्हणजे ३,८८७. तीन वर्षांत ११,६६१, फोनपेक्षा जास्त. फोनची किंमत एकदा विचारतो आपण आणि याबद्दल कुणी विचारत नाही. ८४ दिवसांचा घेतला तर थोडा स्वस्त पडत होता, पण एकदम आठशेच्या आसपास रुपये लागत होते. ते दाजींनी कापसाच्या वेचणीवर टाकलं.

ओसरीवरचं बोलणं

फोन द्यायला गेलो तेव्हा दाजींनी मला बाजूला घेतलं. "नजर ठेवायचं काही असतं का यात? तिला न कळता?" असली ॲप असतात, हे मला माहीत आहे. काही बापांनी, काही नवऱ्यांनीही माझ्याकडे ती टाकायला फोन आणलेत. मी टाकत नाही आणि भाचीच्या फोनमध्ये तर टाकणारच नव्हतो. त्याऐवजी गूगलचं फॅमिली लिंक दाखवलं. नवं ॲप उतरवताना आई-बापाची परवानगी, ॲपला रोजची वेळ ठरवणं आणि रात्री फोन बंद करणं, एवढं त्यात होतं. तेरा वर्षांच्या वरच्या मुलाचं खातं त्याच्या संमतीनेच जोडता येतं. भाचीने पहिल्या दोन गोष्टींना हो म्हटलं, तिसऱ्याला नाही. परीक्षेच्या वेळी रात्री वाचते म्हणाली. मग ठरलं की दहानंतर फोन समोरच्या खोलीत, चार्जिंगला. परीक्षेच्या आठवड्यात सूट.

पण मला त्याहून मोठी काळजी दुसरी होती. या तालुक्यातल्या कित्येक मुली माझ्या काउंटरवर चोरून येतात. कुणाच्या फोटोवरून कुणी धमकावतंय, कुणी रात्री मेसेज करतंय. आणि प्रत्येकीचं एकच वाक्य: "घरी कळलं तर फोन काढून घेतील, कॉलेज बंद करतील." त्या भीतीनेच त्या महिना महिना गप्प बसतात आणि समोरच्याचं फावतं. भाचीला १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर सेव्ह करून दिला. पण नंबर पुरत नाही. मी दाजींना म्हणालो, "दाजी, तिच्यासमोर एकदा बोला. काही वाईट घडलं आणि तिने येऊन सांगितलं तर फोनही काढून घेणार नाही आणि कॉलेजही बंद करणार नाही."

दाजींना ते सहज जमलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. मग भाचीकडे न बघता, अंगणाकडे बघत म्हणाले, "काही झालं तर मला सांग. आधी मलाच सांग. फोन तुझ्याकडेच ऱ्हाईल." थोरले भाऊ तिथेच होते, त्यांनीही ऐकलं. अक्का चहा घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

जानेवारीपर्यंत

संक्रांतीला मी फोन बघितला. १२८ पैकी ४६ जीबी भरलेले, त्यात यंत्रणेचे वीस-बावीस. आजीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. सुरक्षेचा अपडेट ताजा होता. चार्जर तोच. सप्टेंबरमध्ये पहिल्या चाचणीला तिला रसायनशास्त्रात पंचवीसपैकी दहा होते, दुसऱ्या वेळी सतरा. हे फोनमुळे झालं असं मी म्हणणार नाही, पोरगी मन लावून अभ्यास करते. नोट्स वेळेवर मिळतात, एवढंच मला खात्रीने सांगता येतं. रीलही बघते. अक्काने दोनदा दहानंतर फोन उचलून समोरच्या खोलीत नेऊन ठेवला, तेवढ्यावर भागलं.

एका ठिकाणी मात्र मी चुकलो. पडदा मोठा आहे पण एचडी प्लसच, म्हणजे स्पष्टता कमी. व्हिडिओला चालतो, पीडीएफमधली कोष्टकं आणि रसायनशास्त्राच्या संरचना बारीक आणि पुसट दिसतात. मोठं करून सरकवत सरकवत वाचावं लागतं आणि डोळे दुखतात म्हणते. हा मुद्दा तिच्या कागदावर ‘पीडीएफ’ या शब्दात होता आणि मी तो रॅमच्या हिशेबात धरला, डोळ्यांच्या नाही. फुल एचडी प्लसचा फोन त्या भावात चार वर्षांच्या अपडेटसह मला दिसला नव्हता. पण दिसला नाही की मी शोधला नाही, हे आज मला नक्की सांगता येत नाही.

त्यावर तिने उपाय काढलाय. कोष्टकांची पानं कॉलेजसमोर झेरॉक्सवाल्याकडून काढून घेते, पानाला दोन रुपये. दुकानात येऊन मला हिशेब देते. ते लाँगबुकाचं पान अजून माझ्या गल्ल्यात आहे. चार्जरच्या ६५० खाली आणि रिचार्जच्या ३,८८७ खाली तिनेच निळ्या पेनाने लिहिलंय: झेरॉक्स, आजपर्यंत १८४.